पाथरीचे वतन आणि बुडालेले दोन किताब

इ.स. १५१८. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी मुकम्मलखान दख्खनी बालसुलतानाला आणि मोठी फौज घेऊन दौलताबादच्या बाजूला निघाला. निमित्त सांगितले ते साधे होते. घाटावरच्या थंड हवेत चार दिवस फिरून यायचे. पण ही फौज एकाएकी पूर्वेकडे वळली आणि गोदावरीच्या उत्तरेकडे असलेल्या पाथरीवर तुटून पडली. तटाला शिड्या लागल्या, वऱ्हाडच्या इमादशहाची शिबंदी सावध होण्याआधीच ठाणे पडले. मियां मुहम्मद घोरी या सरदाराने त्या दिवशी तलवार गाजवली. त्याला ‘कामिलखान’ हा किताब आणि पाथरीचा अंमल मिळाला.

आज परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव असलेली पाथरी तेव्हा इमादशाहीच्या दक्षिण टोकाचा एक परगणा होती. तिथे हिऱ्याच्या खाणी नव्हत्या की मोठे बंदर नव्हते. काळ्या जमिनीचा, ज्वारी-कापसाचा मुलूख. तरीही या गावासाठी निजामशाही आणि इमादशाही वर्षानुवर्षे लढल्या, गुजरातचा सुलतान दख्खनेत उतरला, आणि पुढे ऐंशी वर्षांनी मोगलांशी झालेल्या एका भीषण लढाईचे एक कारणही पाथरीच ठरली.

हल्ल्याच्या आधी मुकम्मलखानाने अलाउद्दीन इमादशहाला पत्र लिहिले होते. पाथरी आम्हांला द्या, बदल्यात तिच्याहून जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. कारण असे दिले होते की पाथरी ही आमच्या सुलतानाच्या पूर्वजांची जागा आहे. त्यांचे ब्राह्मण भाऊबंद तिथले कुलकर्णी होते आणि त्यांचा तिथे वडिलोपार्जित हक्क आहे. इमादशहाने नकार दिला. इतकेच नव्हे, तर पाथरीला तटबंदी घालायला सुरुवात केली. त्या तटालाच पुढे शिड्या लागल्या.

मुसलमान सुलतानाचे भाऊबंद पाथरीचे कुलकर्णी कसे, याची हकीकत इतिहासकार फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. पाथरीचे एक कुलकर्णी घराणे काही कारणाने परागंदा होऊन विजयनगरच्या राज्यात गेले. त्या घरातला तिमाप्पा हा भैरवाचा मुलगा. मराठी इतिहासग्रंथांत तो तिमाभट म्हणून येतो. अहमदशहा बहमनीच्या फौजेने विजयनगरवर स्वारी केली तेव्हा हे मूल कैदेत सापडले. त्याला मुसलमान करून हसन हे नाव दिले गेले आणि शाही गुलामांत दाखल केले गेले. पोरगा हुशार निघाला. राजपुत्र मुहम्मदाबरोबर शिकला, फारसी-अरबीत तरबेज झाला. बापाचे ‘भैरव’ हे नाव राजपुत्राच्या जिभेवर ‘बहरी’ झाले आणि तेच पुढे घराण्याला चिकटले. मलिक हसन बहरी.

या मलिक हसनला ‘निजाम-उल-मुल्क’ हा किताब मिळाला. तो कोरा करकरीत किताब नव्हता. त्याच्या आधीचा तुर्क निजाम-उल-मुल्क खेरळ्याच्या मोहिमेत किल्ला जिंकल्यावर राजपुतांच्या हातून मारला गेला होता. बहमनी दरबारात किताब हा मुलाकडे जात नसे. धारक मेला की तो सुलतानाकडे परत यायचा आणि सुलतान दुसऱ्या कोणाला द्यायचा. तुर्काचा किताब असा ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेल्या गुलामाकडे आला. वऱ्हाडचा फतहुल्ला याचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. तोही विजयनगरच्या मुलखातला, ब्राह्मण घरातला, लहानपणी पकडून आणलेला. वऱ्हाडच्या सुभेदाराच्या, खान-ए-जहानच्या पदरी वाढला, आणि बहमनी वजीर महमूद गवानच्या मर्जीने ‘इमाद-उल-मुल्क’ हा किताब मिळवून १४७१ मध्ये वऱ्हाडचा तरफदार झाला. म्हणजे पाथरीसाठी पुढे भांडलेली दोन्ही घराणी मुळात पोरवयात घरादारापासून तुटलेल्या ब्राह्मण मुलांची.

इथे इंग्लंडकडे एक नजर टाकली तर फरक स्पष्ट दिसतो. तिथल्या मध्ययुगीन उमरावांचा किताब रक्ताबरोबर चालायचा. पेम्ब्रोकचा अर्ल विल्यम मार्शल १२१९ मध्ये वारला तेव्हा त्याला पाच मुलगे होते. विल्यम, रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर आणि अँसेल्म. पाचही भाऊ एकामागून एक गेले आणि एकाच्याही मागे वारस मुलगा उरला नाही. १२४५ च्या डिसेंबरात अँसेल्म गेला आणि मार्शल घराण्याची अर्लकी संपली. जमीनजुमला पाच बहिणींच्या वारसांत वाटला गेला. वंशच सरला म्हणून किताब सरला. आपल्याकडे मुलगे धडधाकट असले तरी बापाचा किताब त्यांचा होत नसे.

दख्खनेत रक्ताबरोबर चालायचे ते वतन. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांचे हक्क बापाकडून मुलांकडे जायचे, भावांत वाटले जायचे, विकले आणि गहाणही टाकले जायचे. भांडण लागले की गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, महजर लिहिला जायचा. दुष्काळात किंवा धामधुमीत घराणे परागंदा झाले आणि पिढ्यांनंतर परत आले, तरी ‘हे आमचे वतन’ म्हणून उभे राहण्याचा त्याला हक्क होता, आणि गावही तो ऐकून घेई. सुलतान बदलले, राजधान्या बदलल्या, तरी गावचा कुलकर्णी तोच राही. म्हणून मला वाटते, इंग्लंडातल्या उमरावाच्या किताबाशी आपल्याकडचे काही जुळत असेल, तर ते ‘मुल्क’ जोडलेल्या भारदस्त पदव्यांशी नाही, दप्तर बगलेत मारून खळ्यावर जाणाऱ्या कुलकर्ण्याच्या हक्काशी जुळते. पाथरीची सगळी हकीकत त्याखेरीज समजतच नाही.

किताब वंशपरंपरेचा करण्याचे काम मलिक हसनच्या मुलाने, मलिक अहमदने केले. एप्रिल १४८१ मध्ये महमूद गवानचा शिरच्छेद झाला आणि दख्खनी पक्षाचा पुढारी मलिक हसन बिदरला सर्वाधिकारी झाला. पाच वर्षांनी त्याचेही फासे उलटे पडले. १४८६ मध्ये ज्याच्या भरवशावर तो बिदरला गेला, त्या किल्लेदार दिलपसंदखानानेच त्याला मारून त्याचे शिर सुलतानाकडे पाठवले. रिवाजाप्रमाणे ‘निजाम-उल-मुल्क’ हा किताब आता सुलतानाच्या हाती परत जायला हवा होता. जुन्नरला असलेल्या अहमदने तो कोणालाही न विचारता स्वतःला लावून घेतला. त्याच्या मागे फौज होती, शिवनेरी हाती होता. १४९० च्या मे महिन्यात बहमनी सरदार जहांगीरखानाला मारून त्याने आपले राज्य पक्के केले. १४९४ मध्ये सीनेच्या काठी अहमदनगर वसवायला घेतले. वऱ्हाडात फतहुल्लानेही याच सुमारास तेच केले. इमाद-उल-मुल्कचा इमादशहा, निजाम-उल-मुल्कचा निजामशहा. बहमनी सुलतान बिदरला नावापुरता उरला. त्या वंशाचा शेवटचा सुलतान कलीमुल्ला आधी विजापूरला आणि मग अहमदनगरला आश्रयाला गेला. ज्यांच्या वाडवडिलांना बहमन्यांनी गुलाम म्हणून वाढवले, त्यांच्या दारी.

किताब बळाने घेता आला, पण सुलतान म्हणून रक्ताचा दाखला कुठून आणायचा? इथे दोन इतिहासकार समोरासमोर येतात. बुऱ्हाण निजामशहा दुसरा याच्या पदरी असलेला सय्यद अली तबातबाई ‘बुऱ्हान-ए-मआसिर’मध्ये सांगतो की मलिक अहमद हा मलिक हसनचा मुलगाच नव्हे, तो मुहम्मदशहा बहमनीचा मुलगा, मलिक हसनच्या घरी वाढलेला. म्हणजे निजामशहा थेट बहमनी रक्ताचे. फरिश्ताही तरुणपणी अहमदनगरच्या चाकरीत होता, पुढे विजापूरला गेला. तो पाथरीच्या कुलकर्ण्यांची गोष्ट सांगतो. माझा कौल फरिश्त्याच्या बाजूने पडतो, आणि त्याचे कारण पाथरीच आहे. बहमनी राजरक्त मिरवणाऱ्या सुलतानाने गोदाकाठच्या एका परगण्यातल्या कुलकर्ण्यांसाठी शेजारच्या सुलतानाकडे अदलाबदलीची मागणी कशाला केली असती आणि फौज का घातली असती? दरबारात लिहून घेतलेल्या वंशावळीपेक्षा ही लढाई जास्त खरे बोलते.

पाथरी पुढे पुन्हा हातातून गेली. अलाउद्दीन इमादशहाने गोवळकोंड्याच्या कुली कुत्बशहाची मदत घेऊन ती परत मिळवली. १५२७ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहा, म्हणजे १५१८ चा तो बालसुलतान, बिदरच्या अमीर बरीदला बरोबर घेऊन आला. वेढा दोन महिने चालला. ठाणे पडल्यावर बुऱ्हाणने पाथरीचा किल्ला जमीनदोस्त केला आणि परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिला. किल्ला राखायचा नव्हता, जागा लष्करी म्हणून हवी नव्हती. हवी होती ती भाऊबंदांसाठी. फरिश्ता म्हणतो की अकबराच्या काळापर्यंत हे इनाम त्यांच्या वंशात चालत राहिले. याच बुऱ्हाणने कुंवरसेन नावाच्या ब्राह्मणाला पेशवेपद दिले होते. १५३७ मध्ये त्याने शिया पंथ स्वीकारला आणि दरबारात मोठी खळबळ झाली, पण पाथरीच्या इनामाला हात लागला नाही. दोन पिढ्यांपूर्वी धर्म बदललेल्या घराण्याने भाऊबंदकी सोडली नव्हती. कुलकर्ण्यांच्या बाजूनेही ती सोडलेली दिसत नाही. नाहीतर ते अहमदनगरला हक्क मागायला कशाला गेले असते? धर्मांतराबरोबर नातेही तुटले असे आपण आज सहज धरून चालतो. त्या माणसांनी तसे धरले नव्हते. या प्रसंगात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

पाथरी गेल्यावर अलाउद्दीन इमादशहा बुऱ्हाणपूरला पळाला. खानदेशच्या सुलतानाला घेऊन परत आला, हरला आणि शेवटी गुजरातच्या बहादूरशहाच्या पायाशी गेला. बहादूरशहा मोठी फौज घेऊन उतरला. बुऱ्हाणला त्याच्या नावाचा खुतबा वाचावा लागला, पाथरी आणि माहूर परत करण्याचे वचन द्यावे लागले. बहादूरशहा माघारी फिरला आणि बुऱ्हाणने ते वचन पाळले नाही. खुतब्यातले नाव त्याने दिले, पाथरी दिली नाही.

इमादशाहीचा शेवट करुण आहे. अलाउद्दीननंतर दर्या इमादशहा आला. त्याने आपली मुलगी दौलतशाह हुसेन निजामशहाला देऊन वैर निवळवायचा प्रयत्न केला. १५६२ मध्ये तो वारला तेव्हा वारस बुऱ्हाण इमादशहा लहान होता. कारभारी तुफालखानाने त्याला नरनाळ्याच्या किल्ल्यात डांबून सत्ता आपल्याकडे घेतली. मुर्तझा निजामशहाला वऱ्हाड घ्यायला कारण हवेच होते. धन्याला सोडवायला आलो, असे म्हणत त्याचा वजीर चंगीझखान १५७२ मध्ये चालून आला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले सातपुड्याच्या अंगाखांद्यावरचे, अवघड. नरनाळ्याची शिबंदी आतून फोडली गेली आणि १५७४ मध्ये किल्ला पडला. मग सोडवायला आलेल्यांनी धनी आणि चाकर या दोघांनाही कैदेत टाकले. बुऱ्हाण इमादशहा, तुफालखान आणि त्याची मुले कैदेतच मेली. ते मरण नैसर्गिक होते असे तेव्हाही कोणी मानले नाही. खानदेशच्या सुलतानाने इमादशाही वंशातला म्हणून एक दावेदार पुढे करून पाहिला. तो तोतया ठरला आणि खानदेशला जबर खंडणी भरावी लागली. फतहुल्लाचा वंश आणि ज्याच्या नावाने त्याने राज्य केले तो किताब, दोन्ही एकदम बुडाले.

निजामशाहीवर हीच पाळी एकवीस वर्षांनी आली. १५८८ मध्ये मुर्तझाला त्याच्या मुलानेच हमामात कोंडून मारले. वर्षभरात तो मुलगाही मारला गेला. १५९५ मध्ये इब्राहीम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला आणि एका गादीला चार दावेदार उभे राहिले. चांदबिबीच्या बाजूचा तान्हा बहादूर हा खरा वारस. मियां मंजूने बसवलेला बारा वर्षांचा अहमद घराण्याचा नाहीच असे चौकशीत निघाले. इखलासखान हबशाने बाजारातून एक पोर उचलून आणले आणि त्याला मोतीशहा म्हणून पुढे केले. अभंगखानाने विजापूरहून सत्तरीचा शाहअली आणला. तो पाथरी घेणाऱ्या बुऱ्हाणचा मुलगा. मंजूने मोगलांना मदतीला बोलावले आणि तिथून सगळेच हाताबाहेर गेले. चांदबिबीने अहमदनगर शर्थीने लढवले, पण १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले.

आणि पाथरीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. पाथरी वऱ्हाडात मोडते की अहमदनगरच्या खास मुलखात? इमादशहाच्या काळात ती वऱ्हाडात होती, बुऱ्हाणने जिंकल्यापासून ती निजामशहाच्या भाऊबंदांची होती. मोगलांनी तिच्यावर अंमल बसवला. दख्खनी पक्षाने म्हटले, हा तहाचा भंग आहे. विजापूरचा सेनापती सुहेलखान अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या फौजा घेऊन आला आणि जानेवारी १५९७ मध्ये गोदाकाठी मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीमशी त्याची गाठ पडली. अबुल फजल रणभूमी पाथरीपासून बारा कोसांवरची आष्टी सांगतो, फरिश्ता सोनपेठ सांगतो. दोन दिवस लढाई चालली. मोगलांच्या बाजूने आलेला खानदेशचा राजा अलीखान दिसेनासा झाला तेव्हा तो शत्रूला मिळाला अशी हूल उठली आणि त्याची छावणी त्याच्याच दोस्तांनी लुटली. दुसऱ्या दिवशी प्रेतांच्या राशीत तो सापडला, लढून मेलेला. मोगल जिंकले. पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून ‘आईन-ए-अकबरी’त नोंदले गेले आणि कुलकर्ण्यांचे परगण्याचे इनाम तिथेच सरले.

निजामशहांच्या किताबाचे मात्र अजून चाळीस वर्षे हाल व्हायचे होते. १६०० मध्ये अहमदनगर पडले आणि बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. मलिक अंबरने परांड्याला शाहअलीच्या मुलाला मुर्तझा दुसरा म्हणून बसवले आणि पंचवीस वर्षे निजामशहाच्या नावाने मोगलांना झुंजवले. अंबर गेल्यावर त्याच्याच मुलाने, फत्तेखानाने तेव्हा गादीवर असलेल्या बुऱ्हाण निजामशहा तिसऱ्याला मारून हुसेन नावाच्या पोराला गादीवर ठेवले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, हुसेन ग्वाल्हेरला. शहाजीराजांनी हार मानली नाही. पेमगिरीवर निजामशाही वंशातल्या एका लहान मुलाला मांडीवर घेऊन राज्य पुन्हा मांडल्याची आठवण महाराष्ट्राने जपली आहे. १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यात तो मुलगाही मोगलांच्या हवाली करावा लागला. शाहजहानचा इतिहासकार लिहितो की त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवले, तिथे आधीच दोन निजाम होते. एक अहमदनगरला धरलेला, दुसरा दौलताबादला. छत्तीस वर्षे कैदेत काढलेला बहादूर, त्याच्यापेक्षा धाकटा हुसेन आणि हा नवा आलेला पोर. एकच किताब धारण केलेले तिघे एकाच किल्ल्यात. मार्शल घराण्यात वारस उरला नव्हता, इथे वारस तिघे होते आणि राज्य उरले नव्हते.

मोगलांनी हे किताब मोडीत काढले नाहीत, आपल्या खजिन्यात जमा केले. १७१३ मध्ये फर्रुखसियरने मीर कमरुद्दीनला निजाम-उल-मुल्क केले. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून त्याने दख्खन आपली केली. त्याचाच नातू गाझिउद्दीन दिल्लीत इमाद-उल-मुल्क झाला. आपल्या मराठ्यांचा दोस्त म्हणून तो ओळखीचा आहे. एका बादशहाचे त्याने डोळे काढवले, दुसऱ्याचा खून करवला. जे दोन किताब पाथरीसाठी एकमेकांचे गळे धरत होते, ते आता आजा आणि नातू यांच्या नावापुढे आले. हैदराबादेत पुढे विद्याखात्याचे प्रमुख सय्यद हुसेन बिलग्रामी हेही नवाब इमाद-उल-मुल्क म्हणूनच ओळखले गेले. आणि पाथरी पुन्हा निजामाच्या राज्यात आली, या वेळी भैरव कुलकर्ण्याच्या रक्ताशी कसलाही संबंध नसलेल्या निजामाच्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ती तिथेच होती. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले, आणि कायद्याच्या दृष्टीने निजाम हा किताबही गेला.

मराठवाड्यातल्या इनामांसाठी त्याआधीच वेगळा कायदा झाला, तो १९५४ चा हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याचा कायदा. इनामे त्याने रद्द केली, पण इनाम जमिनींच्या नोंदी, वारसांच्या वाटण्या, कुळांचे दावे आणि मदतमाश जमिनींचा भोगवटा यांवरची भांडणे मिटली नाहीत. तहसील कचेरीत, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आणि विधिमंडळातही ती येत राहिली. निजाम कोण आणि त्याचा वारस कोण, हे परभणी जिल्ह्यात आता कोणी विचारत नाही. ही जमीन कोणाच्या वडिलांची, हे मात्र पाथरीच्या तलाठी कार्यालयात आजही विचारले जाते.